कोर्सच्या वाचनयादीत लेख-पुस्तकं ग्रंथालयामार्फतच का टाकायची? सरळ पीडीएफ दिली तर काय बिघडतं?

तुम्ही लिहिलंय की पहिल्यांदाच अख्खा कोर्स तुमच्याकडे आलाय, तीसेक लेख-पुस्तकांची यादी वर्ड फाईलमध्ये तयार आहे, आणि विभाग म्हणतो ती ग्रंथालयाच्या वाचनयादीत घाला. कोर्सच्या पानावर पीडीएफ चढवल्या की काम झालं, मग हा द्राविडी प्राणायाम कशाला, असा तुमचा सवाल.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात याच कामाला बसते. प्राध्यापकांच्या याद्या माझ्याकडे येतात आणि त्यातलं काय आहे, काय मागवायचं, काय मिळणारच नाही, हे मी सोडवते. त्यामुळे उत्तर थोडं एकतर्फी वाटेल, चालवून घ्या.

पीडीएफ चढवली की प्रताधिकाराचा प्रश्न येतो, हे तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेलच आणि तुम्ही ते कानाआड केलं असेल. सगळेच करतात. म्हणून मी दुसरं कारण सांगते. नियतकालिकाची वर्गणी पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरवताना आमच्यासमोर वापराचे आकडे असतात. 'काउंटर' नावाच्या मानकाप्रमाणे प्रकाशक ते महिन्यागणिक देतात. साठ विद्यार्थ्यांनी यादीतल्या लिंकवरून लेख उघडला, तर ते साठही जण त्या आकड्यांत दिसतात. तुम्ही तो एकदा उतरवून कोर्सच्या पानावर ठेवलात, तर दिसता फक्त तुम्ही. एका नियतकालिकाची वर्गणी आम्ही अशीच बंद केली, कारण वर्षभरात ते जेमतेम चारदा उघडलं गेलं होतं. पुढच्या सत्रात एक प्राध्यापक तावातावाने आले, "माझा अर्धा कोर्स त्याच्यावर चालतो!" चालत होता खरा, पण त्यांच्या पेनड्राईव्हवरून.

आता प्रत्यक्ष काम. अनेक विद्यापीठांत यासाठी टॅलिस अस्पायर किंवा लेगँटोसारखी प्रणाली असते आणि ती मूडल किंवा कॅनव्हाससारख्या ऑनलाइन वर्गाच्या सॉफ्टवेअरमधल्या तुमच्या कोर्सला जोडलेली असते. आत गेलात की आठवड्यांप्रमाणे किंवा विषयांप्रमाणे विभाग पाडायचे, कॅटलॉगमध्ये शोधून एकेक नोंद उचलायची आणि त्या-त्या विभागात टाकायची. कॅटलॉगमध्ये नसेल तर ब्राउझरमध्ये बसवायचं एक बटण मिळतं. लेखाच्या किंवा पुस्तकाच्या पानावर असताना ते दाबलं की लेखक, शीर्षक, वर्ष आपोआप भरलं जातं. आपोआप भरलेलं एकदा नजरेखालून घाला. संपादकाचं नाव लेखकाच्या जागी जाऊन बसणं ही रोजची गोष्ट आहे.

शेराच्या चौकटी दोन असतात, एक विद्यार्थ्यांसाठी आणि एक ग्रंथालयासाठी. एका सरांनी "पुस्तक भिकार आहे, पण दुसरं सापडलं नाही" असं आम्हाला कळवायचं म्हणून लिहिलं ते विद्यार्थ्यांच्या चौकटीत. वर्गातल्या सगळ्यांनी ते वाचलं, आणि पुस्तक कोणीच उघडलं नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ लिंकचा होतो. डेटाबेसमध्ये शिरून लेख उघडला आणि वरच्या पट्टीतला पत्ता जसाच्या तसा चिकटवला, की तो तुमच्यापुरताच चालण्याची शक्यता असते, कारण त्यात तुमच्या त्या वेळच्या लॉगिनची खूण अडकलेली असू शकते. दोन तासांनी विद्यार्थ्याला कोरं पान दिसतं, आणि तो आम्हाला नाही, तुम्हाला मेल करतो. त्याऐवजी लेखाचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळखक्रमांक, घ्या. तो '१०'ने सुरू होतो, मध्ये तिरकी रेघ असते, आणि लेखाच्या पहिल्या पानावर वर किंवा खाली छापलेला असतो. प्रकाशकाने संकेतस्थळ बदललं तरी डीओआय तोच राहतो, फक्त तो पोचवतो नव्या ठिकाणी. डीओआय नसेल तर त्या पानावर 'कायमची लिंक' असं काही आहे का पाहा. नंतर फोनचं वायफाय बंद करून, मोबाईल डेटावर, ब्राउझरच्या खासगी खिडकीत लिंक उघडून बघा. विद्यापीठाचं लॉगिन मागून लेख उघडला म्हणजे ती बरोबर आहे. विद्यापीठाच्या आवारात बसून तपासलीत तर ती चालणारच. तिथे नेटवर्कच तुम्हाला ओळखतं.

पुस्तकाच्या बाबतीत आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळखक्रमांक, द्या, पण तो हव्या त्या आवृत्तीचा असू द्या. कडक बांधणी, कागदी बांधणी आणि ई-पुस्तक या तिघांचे क्रमांक वेगळे असतात. २००७च्या आधीच्या पुस्तकावर दहा अंकी क्रमांक असेल, तोच लिहा. पुढे ९७८ चिकटवून त्याचा तेरा अंकी करू नका, शेवटचा तपासणी अंक नव्याने काढावा लागतो. आणि नुसतं "पाने ११२ ते १४०" लिहून भागत नाही. आवृत्ती बदलली की पानं सरकतात, काही ई-पुस्तकांना तर पानांचे क्रमांकच नसतात. प्रकरणाचं नाव लिहा.

ई-पुस्तक म्हणजे एकाच वेळी सगळ्यांना, असा समज असतो. तसं नाही. परवाना एका वाचकाचा असू शकतो, तिघांचा असू शकतो किंवा अमर्याद. एकाचा असेल तर चर्चेच्या आदल्या रात्री पहिल्याला पुस्तक मिळतं आणि बाकीचे दाराशी. काही पाठ्यपुस्तकं तर प्रकाशक ग्रंथालयांना ई-रूपात विकतच नाहीत. म्हणून यादीत विद्यार्थीसंख्या भरा. आम्ही प्रती आणि परवाने त्यावरून ठरवतो.

संख्येइतकाच महत्त्वाचा तो खुणेचा रकाना, आवश्यक, पूरक, जादा वाचन. नावं जागोजागी वेगळी असतात, पण पैसा आधी 'आवश्यक'वर खर्च होतो. माझ्याकडे एकदा ८४ शीर्षकांची यादी आली, सगळ्यांपुढे 'आवश्यक'. बारा आठवड्यांचा कोर्स. मी बाईंना फोन केला आणि विचारलं, "जे वाचल्याशिवाय पास होताच येणार नाही, असं यातलं किती?" थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "पाच." त्या पाचांच्या प्रती आठवड्याभरात मागवल्या. बाकीच्यांत बरीचशी आधीच कपाटात होती.

एखादं प्रकरण फक्त छापील पुस्तकात असेल तर स्वतः मोबाईलने फोटो काढून देऊ नका, स्कॅनची विनंती यादीतूनच करा. एका पुस्तकातून किती देता येतं हे त्या-त्या देशाच्या कायद्यावर आणि विद्यापीठाच्या परवान्यावर ठरतं. साधारण एक प्रकरण किंवा पुस्तकाचा ठरावीक हिस्सा, अशी मर्यादा असते. ते मोजणं आमचं काम. शिवाय आम्ही मजकूर ओळखता येईल असं स्कॅन करतो. फोटो म्हणजे नुसतं चित्र, ते स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, नीट वाचू शकत नाही, आणि तुमच्या वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी आहे का हे तुम्हाला पहिल्या दिवशी ठाऊक असतंच असं नाही. खुल्या परवान्याचा, म्हणजे कोणालाही फुकट वाचता येणारा लेख असेल तर यातलं काहीच लागत नाही, लिंक द्या आणि पुढे चला.

यादी झाली की दोन वेगळी बटणं दाबायची असतात, यादी प्रकाशित करणं आणि ग्रंथालयाकडे पाठवणं. बरेच जण पहिलं दाबून निवांत होतात. यादी विद्यार्थ्यांना दिसते, पण आमच्या रांगेत ती आलेलीच नसते, आणि सहाव्या आठवड्यात विचारणा होते की पुस्तकं अजून का नाहीत.

छापील पुस्तकं मागवायची असतील तर सत्राच्या दीड-दोन महिने आधी यादी हातात असलेली बरी. तुमच्याकडे तेवढा वेळ नाही असं दिसतंय. तर असं करा, पहिल्या तीन आठवड्यांचं वाचन आजच टाका, खुणा लावा आणि पाठवून द्या. उरलेल्याची वर्ड फाईल ग्रंथालयाला मेल करून बघा, बऱ्याच ठिकाणी ती आम्हीच चढवून देतो. फक्त फाईलमध्ये प्रत्येक नोंदीपुढे आठवडा आणि प्रकरण लिहा.