कलहारीत मीरकॅटच्या मागे जाण्याआधी

दक्षिण आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात मीरकॅटच्या अभ्यासासाठी तुझी निवड झाली हे वाचून मनापासून आनंद झाला. आता एक ऐक. सुरुवातीचे काही आठवडे वहीत निष्कर्ष लिहू नकोस, दिसलं तेवढंच लिही. ‘मादी चिडली’ नको. ‘शेपटी ताठ, केस उभे, धाकटीला कमरेने धक्का’ असं हवं.

कुरुमान नदीच्या कोरड्या पात्राजवळ १९९३ पासून या प्राण्यांचा अभ्यास चालू आहे. आपल्या मुंगसाचेच हे भाऊबंद. उजाडायच्या आत बिळापाशी पोहोच. ते बाहेर येऊन उन्हाकडे पोट करून उभे राहतात, तीच वजनाची वेळ. उकडलेल्या अंड्याचा चुरा दाखवला की स्वतःहून काट्यावर चढतात. हात लावायचा नाही, घाई तर मुळीच नाही.

पिल्लं असतील तेव्हा विंचवाकडे नीट बघ. मोठे मीरकॅट लहान पिल्लाला आधी मेलेला विंचू देतात, मग नांगी तोडलेला, आणि पिल्लू वाढलं की जिवंत. पिल्लाच्या आवाजावरून ते त्याचं वय ओळखतात. मोठ्या पिल्लांचे आवाज ध्वनिमुद्रित करून लहान पिल्लं असलेल्या गटाला ऐकवले, तर जिवंत भक्ष्य जास्त येऊ लागलं! २००६ साली प्रसिद्ध झालेलं हे काम मला आजही फार मोलाचं वाटतं. एका साध्या प्रयोगाने केवढा प्रश्न सुटला.

पाणी भरपूर ने. आणि पहाऱ्यावरच्या मीरकॅटने धोक्याची हाक दिली, तर तूही आधी आकाशाकडे बघ, वहीत नंतर.