वाचकांचे प्रश्न : आठवीतल्या मुलीचा ‘क्रीडो’

प्रश्न : आम्ही बोस्टनजवळ राहतो. आठवीतली मुलगी मैत्रिणीबरोबर युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट मंडळींच्या रविवारच्या वर्गाला जाते. आता तिला ‘कमिंग ऑफ एज’ या वयात येणाऱ्या मुलांच्या वर्गात नाव घालायचंय. शेवटी स्वतःची श्रद्धा लिहून सगळ्यांसमोर वाचायची असते म्हणे. आमच्याकडे गणपती बसतो. हे धर्मांतर तर नव्हे?

उत्तर : नव्हे. युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट या ख्रिस्ती धर्मातून निघालेल्या दोन जुन्या उदारमतवादी शाखा 1961 साली एक झाल्या. त्यांच्याकडे ‘हे मानलंच पाहिजे’ असा मतांचा मसुदा नाही. मराठी माणसाला ही मंडळी अगदीच परकी नाहीत. प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे 1901 ते 1903 ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, ते युनिटेरियनांच्याच मदतीने. मात्र एक लक्षात ठेवा : वर्गात बसणं वेगळं आणि सभासदांच्या वहीत सही करणं वेगळं. अनेक ठिकाणी वर्ष संपताना मुलांना सहीची मुभा देतात, सक्ती नसते. वयाची अट मंडळीगणिक बदलते, तेव्हा नाव घालतानाच विचारा.

खरं काम क्रीडोचं, म्हणजे शेवटी वाचायच्या त्या श्रद्धेच्या लिखाणाचं. वर्ग बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतो आणि वाचन वसंतात होतं. प्रत्येक मुलाला मंडळीतली एक प्रौढ व्यक्ती मार्गदर्शक म्हणून मिळते. ती आई-वडिलांपैकी नसते, कारण घरात बोलता येत नाही ते बाहेर बोलता यावं हाच हेतू. महिन्यातून एक भेट ठरवून टाका. ‘जमेल तसं भेटू’ म्हटलं की फेब्रुवारीपर्यंत एकही भेट होत नाही.

लिखाण बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. ‘माझा दयेवर विश्वास आहे, समतेवर विश्वास आहे’ अशी यादी झाली की दहा मुलांचे दहा क्रीडो सारखेच वाटतात. दुसरी गफलत म्हणजे ‘मी देव मानत नाही’ एवढं लिहून थांबणं. नाकारणं सोपं असतं. मग काय मानतेस, हे उरतंच. अशा वेळी तत्त्व विचारू नका, प्रसंग विचारा. आजी गेली तेव्हा काय वाटलं? सगळे करत असले तरी तू काय करणार नाहीस? विसर्जनाला घशात आवंढा का येतो? उत्तरं आधी बोलू द्या, नंतर कागदावर. मराठीत सुचलं तर मराठीत लिहू दे.

चारशे शब्द वाचायला साधारण तीन-साडेतीन मिनिटं लागतात, त्याहून लांबवू नये. आदल्या दिवशी माइकवर एकदा मोठ्याने वाचून घ्यावं, कारण घाबरलेलं मूल दुप्पट वेगाने वाचतं. तुम्ही मात्र मसुदा मागू नका आणि वाक्यं सुधारू नका. पालकांनी पॉलिश केलेला क्रीडो ऐकणाऱ्यांना पहिल्या परिच्छेदातच कळतो.

प्रश्न : तिथेच ‘अवर होल लाइव्हज’ नावाचा लैंगिक शिक्षणाचा वर्ग आहे. संकोच वाटतो. नक्की काय शिकवतात?

उत्तर : हा अभ्यासक्रम युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट आणि युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट यांनी मिळून तयार केला आहे. सातवी ते नववीच्या गटात शरीर, नाती, संमती, गर्भनिरोध, समलैंगिकता असं सगळं स्पष्ट शब्दांत येतं. एकेक सत्र साधारण दीड तासाचं असतं आणि वर्ग बरेच महिने चालतो. शिकवणारे दोघं असतात आणि दोघांनाही त्याचं प्रशिक्षण झालेलं असतं. वर्गाआधी पालकांची बैठक होते. तिथे साहित्य पाहायला मिळतं आणि लेखी संमती द्यावी लागते. ही बैठक चुकवू नका, सगळे संकोच तिथेच बोलून टाका. सत्रं सुरू झाल्यावर सहसा नवं मूल घेत नाहीत, कारण एकदा जमलेला गटाचा विश्वास मोडतो.

वर्गात निनावी प्रश्नांची पेटी असते. प्रश्न असो वा नसो, प्रत्येकाने चिठ्ठी टाकायची, कोरी चालेल. त्यामुळे खरं कोणी विचारलं ते कळत नाही. घरी आल्यावर ‘तू काय विचारलंस?’ असं विचारलंत, तर पेटीचा उपयोगच संपला.

प्रश्न : या वर्गांची फी किती?

उत्तर : बहुतेक ठिकाणी ठरीव फी नसते, सभासद वर्षाची देणगी स्वतः ठरवतात. सहलीचा खर्च वेगळा असू शकतो. पालकांना मात्र अधूनमधून वर्गात मदतीला बोलावतात आणि त्याआधी पार्श्वभूमीची तपासणी होते. त्यात काही दिवस जातात, म्हणून अर्ज उन्हाळ्यातच भरून ठेवा.