तोरिनोला सासरी येताय, तर प्रेमाच्या रीतींबद्दल थोडं

पुण्याहून इटलीतल्या तोरिनोला (ट्युरिन) जोडीदाराकडे कायमच्या राहायला येताय, पुढच्या वर्षी इथेच लग्न करायचं ठरतंय. इटालियन लोक प्रेम इतकं उघड दाखवतात ते झेपेल का आणि त्याच्या घरच्यांशी कसं वागायचं, असं तुम्ही विचारलंत. माझं सासर इटालियनच, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक विचारून घ्या: त्याचे आजी-आजोबा मूळचे कुठले? तोरिनोची मूळ माणसं जरा अबोल, मोजकं बोलणारी. पण 1950-60च्या दशकांत फियातच्या मोटार कारखान्यांमुळे दक्षिणेतल्या पुलिया, कालाब्रिया, सिसिलीहून असंख्य कुटुंबं इथे आली. त्यांच्या घरांत मिठ्या, मुके, मोठ्याने बोलणं, ताटात आग्रहाने वाढणं, सगळं आपल्या कोकणातल्या आजोळासारखं भरभरून. लग्नाच्या आदल्या रात्री नवरीच्या खिडकीखाली गाणी म्हणायची प्रथाही दक्षिणेकडचीच. तुमच्या वाट्याला आली तर लाजून आत बसू नका, खिडकीत या.

रस्त्यात हात धरणं, स्टेशनवर निरोप घेताना चुंबन, वडिलांनी मिशी फुटलेल्या मुलाच्या गालाचा मुका घेणं, याकडे कुणी वळूनही बघत नाही. ओळखीची माणसं भेटली की दोन्ही बाजूंनी गालाला गाल लावतात. पहिल्या भेटीत हात मिळवला तरी पुरतं. याची सवय लवकर होते. अवघड जातं ते दुसरंच. माया न बोलता कळते, असं आपण घरोघरी धरून चालतो. इथे ती बोलून दाखवायची असते, आणि रोज. सकाळी एक मेसेज, दुपारी जेवणाची चौकशी, घरी आल्यावर जवळ घेणं. तुम्ही गप्प राहिलात तर काहीतरी बिनसलंय असंच त्याला वाटेल. सासूबाईंना निघताना 'ती व्होल्यो बेने', म्हणजे 'माझा तुमच्यावर जीव आहे', म्हणा. 'ती आमो', म्हणजे प्रियकराला म्हणायचं 'माझं तुझ्यावर प्रेम आहे', हे मात्र फक्त त्याच्यासाठी.

रविवारचं दुपारचं जेवण टाळू नका. मुलं तिशीपर्यंत आईवडिलांकडे राहतात, त्यामुळे तो घराशी घट्ट बांधलेला असणार. त्यात स्पर्धा मानू नका. जाताना मिठाईच्या दुकानातून छोट्या पेस्ट्रींचा ट्रे न्या. फुलं न्यायची तर शेवंती कधीही नको. आपण ती देवाला वाहतो, पण इथे ती 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर ठेवतात.

14 फेब्रुवारी इथे फक्त जोडप्यांचा. त्या दिवशी देतात पेरुजा शहराची 'बाची' चॉकलेटं, 1922पासूनची, आत प्रेमाच्या ओळींचा कागद गुंडाळलेला असतो. मला त्याहून 8 मार्च, महिला दिन, जवळचा वाटतो. 1946पासून त्या दिवशी बायकांना पिवळ्या मिमोसा फुलांची डहाळी देतात. सासू, नणंद, ऑफिसातली मैत्रीण, कुणालाही द्या. रोमिओ-ज्युलिएटच्या व्हेरोनाला हौसेने जरूर जा, पण ज्युलिएटच्या घराची ती बाल्कनी विसाव्या शतकात बसवलेली आहे.

लग्नाचे कागद आत्तापासून हलवा. मिलानच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडून लग्नाला हरकत नसल्याचा दाखला, 'नुल्ला ओस्ता', घ्यावा लागतो. त्यावर प्रेफेत्तुरात, म्हणजे सरकारच्या प्रांतिक कचेरीत, शिक्का, मग नगरपालिकेत लग्नाची जाहीर नोटीस. पासपोर्टवरचं आडनाव बदलू नका. इथल्या बायका लग्नानंतरही कागदोपत्री माहेरचंच आडनाव ठेवतात, आणि तुमच्या करक्रमांकातली पहिली अक्षरं नाव-आडनावावरूनच ठरतात. जुन्या वळणाची माणसं मंगळवारी आणि शुक्रवारी लग्न करत नाहीत. तारीख काढताना आजीला विचारा, तिला बरं वाटेल. पाहुण्यांना साखरेचा थर दिलेले पाच बदाम द्यायचे असतात: आरोग्य, संपत्ती, सुख, संतती आणि दीर्घायुष्य यांसाठी एकेक. सुल्मोना गावचे सगळ्यात नावाजलेले.

नोंदणी पद्धतीच्या लग्नात अधिकारी नागरी संहितेची 143, 144 आणि 147 ही कलमं मोठ्याने वाचून दाखवतात. परस्परांशी एकनिष्ठ राहणं, एकमेकांना आधार देणं, एकत्र राहणं, घराचे निर्णय दोघांनी मिळून घेणं, मुलांना वाढवणं. सातही फेऱ्या आठवाव्यात असं ते आहे, आणि मला तो लग्नातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. भाषा येत नसेल तर दुभाषा ठेवावा लागतो. ती कलमं तुम्हाला स्वतःला कळून तुम्ही 'सी', म्हणजे 'हो', म्हणावं असं मनापासून वाटतं, म्हणून इटालियनचा वर्ग पुण्यातच लावा, व्हिसाची वाट बघू नका.