नव्या सिसॅडमिनला (म्हणजे ऑफिसचे कॉम्प्युटर आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला) चार शब्द

अभिनंदन! आजपासून प्रिंटर अडला तरी तुझा दोष आणि कॉफीचं मशीन अडलं तरी तुझाच, कारण दोन्हींना वायर आहे.

'काहीच चालत नाहीये' असा फोन आला की स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांग. 'काहीतरी एरर होती, मी ओके केलं' हे उत्तर ठरलेलं. 'रीस्टार्ट केलंत का?' याला सगळेच हो म्हणतात. तू आपला गुपचूप टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूखालचा अपटाइम, म्हणजे मशीन किती वेळ चालू आहे तो आकडा, बघ. तिथे अकरा दिवस दिसले तरी लगेच खोटं पकडल्याचा आव आणू नकोस. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप (पटकन चालू होण्याची सोय) सुरू असेल तर शटडाउन करून परत चालू केल्यावरही तो आकडा शून्यावर येत नाही, रीस्टार्टने येतो. बिचारा खरं बोलत असतो.

बॅकअपच्या हिरव्या टिकवर भाळू नकोस, अधूनमधून रिस्टोर करून बघ. शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हरला हात लावायचा नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी. प्रॉडक्शनच्या, म्हणजे लोक खरोखर वापरतात त्या सर्व्हरच्या, टर्मिनलचा प्रॉम्प्ट (कमांड लिहितो त्या ओळीची सुरुवात) लाल करून ठेव. टेस्टची आणि त्याची खिडकी जुळ्या बहिणींसारखी दिसते, आणि डिलीट नेमकं नको तिथे होतं.

सगळं सुरळीत असलं की साहेब विचारणार, 'दिवसभर करतोस काय?' बंद पडलं की, 'दिवसभर करत होतास काय?'

तसा आपल्या कौतुकाचाही दिवस आहे, २००० सालापासून, जुलैचा शेवटचा शुक्रवार. कोणी शुभेच्छा द्यायला आलंच, तर पुढचं वाक्य असेल, 'बरं, भेटलाच आहेस तर माझा पासवर्ड...'