शाळेला सांगावे की सांगू नये?

"मॅडम, शाळेत सांगितलं तर लेकराला ढ म्हणतील, नाही सांगितलं तर आळशी म्हणतील. आम्ही करावं तरी काय?" परभणी जिल्ह्यातील एका गावाहून आलेल्या आईने पहिल्याच भेटीत विचारलेला हा प्रश्न अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात अडचण, असलेल्या मुलांचे अनेक पालक मला विचारतात.

मुलगा सहावीत होता. त्याचे नाव बदलून आपण त्याला विठ्ठल म्हणू. मी पुढे ठेवलेल्या उताऱ्यातील 'दुष्काळ' हा शब्द त्याने 'दुकान' असा वाचला, कारण पहिले अक्षर पाहून उरलेल्या शब्दाचा तो अंदाज बांधत होता. तोच उतारा मी वाचून दाखवला, तेव्हा मात्र विहीर किती परस खोल होती हेसुद्धा त्याने अचूक सांगितले. त्याची तपासणी दोन वर्षांपूर्वीच झाली होती, परंतु अहवाल घरच्या पेटीत पडून होता. वर्गशिक्षक त्याच्याकडून रोज शुद्धलेखन दहा-दहा वेळा लिहून घेत होते आणि शाळेत अधूनमधून येणारे विशेष शिक्षक अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालण्याचा सराव देत होते. दोघांचीही तळमळ खरी होती, पण एकाच्या कामाची दुसऱ्याला कल्पना नव्हती. प्रत्येक नव्या माणसाला आईने सगळी हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगायची, एवढाच काय तो त्यांच्यातला दुवा होता.

शाळेला सांगा, असे उत्तर मी पूर्वी लगेच देत असे. एकदा तर दुसऱ्या एका मुलाचा संपूर्ण अहवाल पालकांना नीट न विचारता मी शाळेकडे दिला, आणि त्यातील बुद्ध्यांकाचा आकडा शिक्षकांच्या खोलीत चर्चेचा विषय झाला. त्या मुलाचे आणि त्याच्या घरच्यांचे मी नुकसान केले, याची खंत मला आजही आहे. म्हणून विठ्ठलच्या आईवडिलांना मी सांगितले की अहवाल तुमचा आहे आणि त्यातील काय, कुणाला द्यायचे हे तुम्ही ठरवा. मात्र मुलाला वर्गात कशाची गरज आहे, हे शिक्षकांपर्यंत पोहोचलेच पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि ती लवकर ओळखून योग्य अध्यापनाचे उपाय करणे ही शिक्षणसंस्थांची जबाबदारी मानली आहे. त्यामुळे पालक शाळेकडे उपकार मागत नसतात, हेही मी त्यांना समजावून सांगितले.

आम्ही चौघांनी बसून एक पान लिहिले. विठ्ठलही त्यात होता, कारण आपल्याविषयी काय लिहिले जाते ते त्याला कळायला हवे होते. ऐकलेले त्याच्या चांगले लक्षात राहते. फळ्यावरून उतरवून घेताना ओळी सुटतात, म्हणून मजकूर त्याच्या वहीत आधी लिहून द्यावा. सर्वांसमोर मोठ्याने वाचायला उभे करू नये. इतिहास आणि विज्ञानाची उत्तरे तोंडी घ्यावीत. यातील शेवटची सूचना त्याची स्वतःची होती. बुद्ध्यांक किंवा निदानाचा तपशील त्या पानावर नव्हता.

ते पान एका शंभर पानी वहीच्या सुरुवातीला चिकटवले. वही दप्तरात राही, आणि वर्गशिक्षक, विशेष शिक्षक व आई आपापल्या वेळी तारीख घालून दोन ओळी लिहीत. मोबाइलवर गट करू या, असे शाळेने सुचवले होते, पण मुलाच्या चुकलेल्या लेखनाचे छायाचित्र एकदा पुढे पाठवले गेले की ते कुठवर जाईल यावर आपला ताबा राहत नाही, म्हणून मी वहीचाच आग्रह धरला. पहिल्या महिन्यात बरीच पाने कोरी राहिली. नंतर विशेष शिक्षकांनी लिहिले, "या आठवड्यात फक्त जोडाक्षरे घेत आहे," आणि वर्गशिक्षकांनी दहा वेळा लिहून घेणे आपणहून थांबवले.

आठवीसाठी शाळा बदलली, तेव्हा वही आईनेच नव्या बाईंच्या हाती दिली. दहावीच्या सवलतींसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची तयारीही आम्ही त्याच वर्षी सुरू केली. मागच्या भेटीत आईने मला वहीतले नवे पान दाखवले. बाईंनी विचारले होते, "गणितातील शाब्दिक उदाहरण मी वाचून दाखवले तर चालेल का?" त्याखाली विशेष शिक्षकांचे उत्तर होते, "चालेल. दोनदा वाचा, आकडे तो स्वतः लिहील."