आकडे दिसतात, पण आकडे नाहीत

प्रश्न : इंदूरला मल्हारगंजात आमचं किराणा दुकान आहे. रोजची विक्री मी नोटपॅडमध्ये ओळीला एक अशी लिहिते. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेने ती यादीत घेतली, पण क्रम लावला की १००० हे ९५० च्या आधी येतात. असं का?

उत्तर : ताई, तुमच्या यादीत आकडे नाहीत, मजकूर आहे. फाइलमधून वाचलेली ओळ पायथॉनला मजकूरच असते आणि मजकुराचा क्रम पहिल्या चिन्हावरून लागतो. म्हणून ९ च्या आधी १. प्रत्येक ओळ ‘इंट’मधून, म्हणजे मजकुराचा आकडा करणाऱ्या पायथॉनच्या आज्ञेतून काढा, मगच यादीत घाला. ओळीच्या शेवटचं न दिसणारं चिन्ह इंट स्वतःच झटकतं, पण रिकाम्या ओळीवर अडतं. ती आधीच गाळा. ‘१,२५०’ मधला स्वल्पविराम ‘रिप्लेस’ने काढायलाच हवा. देवनागरी आकडे मात्र इंटला बरोबर कळतात, ते खुशाल तसेच लिहा!