ब्रोशरमध्ये ६० किलोवॉट, १७० न्यूटन-मीटर लिहिलंय. छोट्या इलेक्ट्रिक कारला ही मोटर पुरेल का आणि टिकेल का?

पुरेल. टिकेलही. पण हे दोन आकडे बघून तसं म्हणता येत नाही, कारण ब्रोशरवाले नेमका महत्त्वाचा आकडा गाळतात.

आधी हिशोब करू. माणसं-सामानासकट १५०० किलोची छोटी कार सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरने धावत राहायला चाकांवर साधारण १३ किलोवॉट घेते, १२० ला २० च्या आसपास. ७ टक्के चढ ताशी ६० ने चढायचा तर २२ धरा. म्हणजे ६० किलोवॉट लागतात ते ओव्हरटेक करताना, काही सेकंद. तेवढ्यासाठी ते भरपूर आहेत.

टॉर्क (मोटरचा फिरवण्याचा जोर, न्यूटन-मीटरमध्ये) बघताना गिअरचं गुणोत्तर सोबत बघा, नाहीतर १७० ला काही अर्थ नाही. गुणोत्तर ९ आणि चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली, तर गिअरमधली थोडी घट वजा जाता चाकांवर सुमारे ४८०० न्यूटन जोर येतो. पूर्ण भरलेली गाडी ३० टक्के चढावर उभी करून पुन्हा काढायला एवढा जोर पुरतो. मात्र याच गुणोत्तरात ताशी १२० ला मोटर साडेनऊ हजार आरपीएमवर असते, म्हणून तिची कमाल मर्यादा १२ हजारांच्या पुढे हवी.

आणखी एक सोपं सूत्र: टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ९५४९ म्हणजे किलोवॉट. तुमच्या आकड्यांत ते उलटं लावलं की सुमारे ३४०० आरपीएम येतात. तिथपर्यंत पूर्ण टॉर्क मिळतो, पुढे पॉवर तीच राहते आणि टॉर्क उतरत जातो. पहिल्या निसान लीफचे ८० किलोवॉट आणि २८० न्यूटन-मीटर याच सूत्रात घाला, २७०० च्या थोडं वर उत्तर येईल.

आता गाळलेला आकडा. ६० हा पीक आहे, म्हणजे थोडा वेळच देता येणारा कमाल आकडा. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांपैकी आर८५ मध्ये ३० मिनिटं सलग देता येणारी पॉवर वेगळी मोजतात, आणि मोटरची खरी कुवत तीच. बीएमडब्ल्यू आय-थ्रीची मोटर पीकला १२५ किलोवॉटची, पण अर्ध्या तासाचा आकडा ७५. तुमच्या गाडीचा हा आकडा ३० च्या आसपास असेल तर निर्धास्त घ्या. २० च्या खाली असेल तर लांब चढावर मोटर स्वतःच पॉवर कमी करेल. तो बिघाड नाही, संरक्षण आहे, पण मागे ट्रक असताना आवडत नाही.

टिकण्याचा सगळा प्रश्न उष्णतेपाशी येतो. वाइंडिंगमधली, म्हणजे मोटरच्या तांब्याच्या वेटोळ्यांमधली, उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे टॉर्क दुप्पट मागितला की उष्णता साधारण चौपट. त्या तारांवरच्या इन्सुलेशनचा क्लास एफ असेल तर मर्यादा १५५ अंश सेल्सिअस, एच असेल तर १८०. ढोबळ नियम असा की सलग १० अंश जास्त तापली की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. चुंबकांनाही उष्णता सोसत नाही. निओडिमियमचा साधा ग्रेड ८० अंशांनाच मार खातो, म्हणून गाड्यांत १५० किंवा १८० अंशांचे ग्रेड घालतात. त्यापुढे तापले तर गेलेलं चुंबकत्व मोटर थंड झाल्यावरही परत येत नाही. आणि गंमत बघा, तापमानाचा सेन्सर वाइंडिंगवर असतो. रोटरमधल्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागातल्या, चुंबकांचं तापमान बहुतेक गाड्यांत सॉफ्टवेअर अंदाजानेच काढतं.

म्हणून चढावर सिग्नलला थांबलात तर अ‍ॅक्सिलरेटर अर्धवट दाबून गाडी धरून ठेवू नका, ब्रेक लावा. रोटर जागचा हलत नसतो, त्यामुळे करंट फिरत नाही. तो वाइंडिंगच्या तीन फेजांपैकी (भागांपैकी) ठरावीक फेजांत आणि इन्व्हर्टरच्या, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला हवी तशी करून देणाऱ्या यंत्राच्या, ठरावीक स्विचांतच अडकून राहतो. आवाज नाही, धूर नाही, त्यामुळे कळतही नाही.

तरीही खरं सांगायचं तर तांबं आणि चुंबक क्वचितच जातात. जातं ते आजूबाजूचं.

पहिला नंबर बेअरिंगचा. इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज चालू-बंद करतो, त्यातून शाफ्टवर व्होल्टेज साचतं आणि ग्रीसचा किंवा ऑइलचा पातळ थर भेदून बेअरिंगमधून जातं. प्रत्येक ठिणगी स्टीलवर सूक्ष्म खड्डा पाडते. कालांतराने रेसवर, म्हणजे गोळ्या ज्यावर फिरतात त्या कड्यावर, धुण्याच्या फळीसारख्या आडव्या रेघा उठतात आणि गाडी घुमायला लागते. चांगल्या मोटरमध्ये यावर सिरॅमिक गोळ्यांचं बेअरिंग किंवा शाफ्टला अर्थिंगचा ब्रश असतो. स्पेसिफिकेशनमध्ये यांपैकी काही दिसलं तर मी त्याला ५ किलोवॉट जास्त असण्यापेक्षा अधिक किंमत देईन.

घुमण्याचा आवाज मोटरचाच का, हे ओळखायला मोकळा, सपाट रस्ता हवा. ताशी ६० ला गाडी न्यूट्रलमध्ये टाका. आवाज तसाच राहिला तर बेअरिंग. टॉर्क गेल्याबरोबर बंद झाला तर गिअरचे दात किंवा मोटरचा स्वाभाविक सूर. स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे केल्यावर बदलला तर चाकाचं बेअरिंग, मोटरला दोष देऊ नका.

दुसरं, पाणी. मोटर आयपी६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) असली तरी गरम मोटर अचानक थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते. ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याचं छिद्र, चिखलाने बंद असेल तर तीच हवा सीलच्या कडेने पाणी आत ओढते. कुलंटचं सील गळलं तरी परिणाम तोच: इन्सुलेशन फॉल्ट, आणि गाडी सुरूच होत नाही. कुलंटची पातळी उतरतेय पण खाली थेंब नाही, हे लक्षण कधीच सोडू नका.

इन्सुलेशन तपासणं हाय-व्होल्टेजचं प्रशिक्षण असलेल्या मेकॅनिकचंच काम. सर्व्हिस प्लग (हाय-व्होल्टेज बॅटरी तोडणारा प्लग) काढून कपॅसिटरमधला साठलेला चार्ज उतरेपर्यंत थांबायचं, व्होल्टेज शून्य झाल्याची मीटरने खात्री करायची, मग मोटरच्या तिन्ही केबल इन्व्हर्टरपासून सोडवून ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजणारा मीटर, फेज आणि बॉडीमध्ये लावायचा. केबल न सोडवता मेगर लावला तर इन्व्हर्टर जाऊ शकतो. निरोगी मोटर कित्येक मेगाओहम दाखवते; एकाच्या खाली आली तर ओल शोधा. तिन्ही फेजांचा आपसातला रेझिस्टन्स मिलिओहममध्ये असतो, साध्या मल्टिमीटरला तिन्ही शून्यच दिसतात, तेव्हा त्यावरून 'वाइंडिंग ठीक आहे' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

मग रिझॉल्व्हर, म्हणजे रोटर नेमका कुठे आहे हे सांगणारा सेन्सर. त्याचा कनेक्टर गंजला की गाडी धक्के देते किंवा जागची हलत नाही, आणि पुष्कळदा अख्खी मोटर बदलायला सांगतात. आधी कनेक्टर उघडून बघायला लावा.

रिडक्शन गिअरचं, म्हणजे मोटरचा वेग कमी करून चाकांना देणाऱ्या गिअरचं, ऑइल छोट्या कारमध्ये एक-दीड लिटरच असतं. 'आयुष्यभर बदलू नका' असं लिहिलेलं असलं तरी मी ६०-७० हजार किलोमीटरला बदलाच म्हणेन. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे कण लागले तर गिअरबॉक्स उघडा.

गाडी बंद पडलीच तर चालवणारी चाकं जमिनीवर ठेवून ओढून नेऊ देऊ नका. चुंबकाची मोटर फिरली की जनरेटर होते आणि ती वीज इन्व्हर्टरमध्ये शिरते. चारही चाकं फ्लॅटबेडवर.